सतरा नंबरची काठी

२ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची! ब्राबांटातल्या आइंडहोवनहून साडेतीन तास गाडी हाकली. मागे चार कॅमेरे, दोनशे मीटर केबल आणि माझी शिडी सारखी खडखडत होती. टेर्सुम गावच्या समुद्रबांधावर पाय ठेवला आणि वाऱ्यानं माझी लाल टोपी पळवली ती थेट समुद्रात. समुद्र म्हणजे तेव्हा नुसता चिखल होता, कारण ओहोटी होती. नजर पोचेल तिथवर करडा, ओला, चकाकता चिखल आणि त्यात माझी टोपी. बांधावर बसलेला एक उंच माणूस म्हणाला, की ब्राबांटकडच्या लोकांचं इथं डोकं टिकत नाही, टोपीचं काय घेऊन बसलात! हा मेनो, इथला वाटाड्या. ओळख व्हायच्या आत टोमणा मारला. जमेल आमचं.

काम सोपं आहे. ओहोटीला लोक वाटाड्याबरोबर पायऱ्या उतरून चिखलातून चालत जातात, लांबच्या वाळूवरचे सील बघतात आणि भरती यायच्या आत परत येतात. सील आणि पक्षी राखणाऱ्या संस्थेला रोज नेमकी किती माणसं जातात हे हवंय. मी पायऱ्यांवर कॅमेरे बसवायचे, आकडा चोख करून द्यायचा. पंधरा तारखेला उद्घाटन आहे.

उतरले आहे आन्त्येबाईंकडे. बांधाच्या पायथ्याशी घर, माडीवर माझी खोली. बाई सत्तरीच्या असतील. बोलतात कमी, वाढतात भरपूर. मोहरीचं सूप, साखरपाव, लवंगा घातलेलं चीज आणि खडीसाखरेवर ओतलेला चहा, तोही तीन कप. दोनवर थांबले तर आजारी आहेस का विचारलं.

ही वही कंपनीची आहे. पाण्यात बुडाली तरी कागद भिजत नाही, फक्त पेन्सिलीनं लिहायचं. एक गोष्ट इथं लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको. गेल्या वर्षी एका संग्रहालयात माझ्या कॅमेऱ्यांनी बंद होतेवेळी ‘आत दोन माणसं’ असं दाखवलं होतं. आत कुणी नव्हतं. ऑफिसातल्या बास्तियाननं तो आकडा सगळ्या कंपनीपुढे पडद्यावर लावला आणि पोट धरून हसला. तेव्हापासून ऑफिसात माझं नाव ‘लीस्बेत आणि तिची दोन भुतं’. या हसण्याचं उट्टं मला काढायचंय. टेर्सुमचा बिनचूक आकडा त्याच्या तोंडावर फेकून मारणार आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवस शिडीवरच. चारही कॅमेरे खांबांवर चढले, सगळे सरळ खाली बघणारे. त्यांना चेहरे दिसत नाहीत, फक्त डोकी आणि खांदे. प्रत्येक डोक्याभोवती यंत्र एक चौकट आखतं आणि उंचीचा अंदाज घेतं. पायरीवर एक अदृश्य रेषा आहे. रेषा ओलांडून खाली गेलं की एक मिळवायचा, वर आलं की एक वजा करायचा. सगळे परतले की शून्य. बांधावर मोठी पाटी लागणार आहे: चिखलात किती माणसं आहेत त्याचा आकडा, शून्य झालं की हिरवा दिवा आणि बचावनौकेच्या ठाण्याला आपोआप निरोप.

आतापर्यंत यांची मोजणी कशी चालायची ते बघून मला हसू आवरेना. पायऱ्यांच्या टोकाशी एक फळी आहे, तिला चाळीस खाचा, प्रत्येक खाचेत नंबर घातलेली काठी. जाताना प्रत्येकानं एक उचलायची, आल्यावर त्याच खाचेत ठेवायची. फळी भरली की मुख्य वाटाड्या डाउवे बांधावरच्या डोलकाठीवरची वेताची टोपली खाली उतरवतो. टोपली खाली म्हणजे सगळे घरी, आणि ठाण्यातली माणसं पाय पसरून कॉफी प्यायला मोकळी.

काठीचा दुसरा उपयोग मेनोनं शिकवला. तो इथं शेंबड्या पोरालाही पाठ आहे. चिखलात रुतलात तर ओरडत बसू नका, वारा आवाज खाऊन टाकतो. काठी शेजारी उभी रोवा. उभी काठी दिसली की ज्याला दिसेल त्यानं तिकडं जायचं, मग तो कुणी का असेना.

मी डाउवेला म्हटलं, की अहो, म्हणजे तुम्ही माणसं मोजतच नाही, काठ्या मोजता! गमतीनंच म्हटलं. साठीचा धिप्पाड गडी, चिखलात वाढलेला, चालताना नेहमी रांगेत सगळ्यांच्या मागे राहणारा. हसेल असं वाटलं. तो वळून निघूनच गेला.

सतरा नंबरची काठी कुणाला देत नाहीत. तिच्या मुठीला निळ्या लोकरीचा धागा गुंडाळलाय. मेनो म्हणाला, तडकलीये. मी हातात घेऊन पाहिली, कुठंही तडा नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

पहिली खरी मोजणी. २८ उतरले, २९ चढले. आकडा: वजा एक.

शिव्या घातल्या यंत्राला. मग बसून चित्रण पाहिलं, बोटानं डोकी मोजली. २८च. पण यंत्रानं चौकटी २९ आखल्यात. शेवटचा डाउवे वर आल्यावर साधारण मिनिटानं एक रिकामी चौकट पायऱ्या चढते. तिच्यात काही नाही, नुसत्या पायऱ्या. सीगल असेल, नाहीतर खांबाची सावली.

मेनोला कळलं तर म्हणतो, तुमच्याकडची गणितं कार्निव्हलात बिअर पिऊन शिकवतात वाटतं, एक माणूस फुकट! हसू दे. उद्या रेषा दोन पायऱ्या वर घेते.

६ सप्टेंबर, शुक्रवार

रेषा हलवली. कॅमेऱ्याचा कोन बदलला. सावलीची जागा वगळली. ३१ उतरले, ३२ चढले.

संध्याकाळी डाउवे यंत्राच्या खोक्यापाशी आला. पडद्यावर ‘–१’ होता. त्यानं तो पाहिला आणि कठडा धरला. कशामुळे, का, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला की पोरी, हे काढ. पंधराला संस्थेची माणसं येणार, पाटीवर असलं काही दिसता कामा नये.

यंत्रात एक सोय असते. ‘शून्याच्या खाली जाऊ नये’ अशी एक टिक. ती केली की वजा आकडा पाटीवर शून्य म्हणून दिसतो. खरं तर हे दुखण्यावर फडकं बांधणं आहे, मी शिकाऊ पोरांना हे कधी करू देत नाही. पण नऊ दिवस उरलेत, आणि ‘–१’ बास्तियानला दिसला तर ‘लीस्बेत आणि तिची तीन भुतं’ व्हायला वेळ लागणार नाही. केली टिक. पाटीवर हिरवं शून्य. झाकली मूठ सव्वा लाखाची.

डाउवेनं माझा खांदा थोपटला.

९ सप्टेंबर, सोमवार

माझ्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत, मूल वाढताना करतात तशा. सगळ्यात वरची १६८ सेंटीमीटर. जवळ नाव लिहिलंय, हिस्के. आज चहाला मी सहज विचारलं, ही कोण. आन्त्येबाईंनी कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच भरभरून बोलल्या.

हिस्के त्यांची एकुलती लेक. एकोणीस वर्षांपूर्वी, ती वीस वर्षांची असताना, सप्टेंबरातच मायलेकींचं सकाळी कडाक्याचं भांडण झालं. हिस्केला शिकायला आम्सटर्डामला जायचं होतं, आईला ते नको होतं. दार आपटून ती बाहेर पडली आणि दुपारी चिखलवाटेला गेली. संध्याकाळी सहापर्यंत घरी आली नाही, म्हणून आन्त्येबाई बांधावर गेल्या. डाउवेनं फळी दाखवली. सतरा नंबरची काठी जागेवर होती. टोपली केव्हाच उतरली होती. आली होती हो ती, सगळे म्हणाले, काठी आहे की तिची! रागानं बस पकडून गेली असेल कुठंतरी. पोलिसांनी लेवार्डनचं स्टेशन पालथं घातलं, आम्सटर्डामच्या खोल्या धुंडाळल्या. समुद्राकडं कुणी गेलंच नाही. ती तिची नेहमीची काठी, निळा धागा आन्त्येबाईंनीच बांधला होता, तिच्या हाताला बोचू नये म्हणून.

शेवटी त्या म्हणाल्या की मेली असती तर रडून मोकळी झाले असते गं. पण ती आली, आणि माझ्या दारावरनं न थांबता गेली. एकोणीस वर्षं एक ओळ नाही. रोज तिच्यावर जीव टाकते आणि रोज तिला शिव्या देते.

मग विचारलं, तुझं यंत्र माणूस ओळखतं का, कोण आलं ते. मी म्हटलं, नाही, नुसतं मोजतं.

तिसरा कप मला आज गेला नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज मी केली ती चूक म्हणजे कच्च्या नोंदी उघडून पाहिल्या. पाटीवर शून्य दिसतं, पण आतला आकडा मी बुजवलेला नाही. रोज वजा एक. शेवटची चौकट रोज डाउवेच्या मागून येते, तिसऱ्या पायरीवर थांबते, मग चढते. ती चढली की पायऱ्या ओल्या दिसतात. यंत्रानं प्रत्येक चौकटीची उंची लिहिलेली असते. या चौकटीची आठही दिवस तीच आहे.

१६८.

मेनोला बिअर पाजायला नेलं. आधी नुसती थट्टा, तुझी भुतं काय म्हणतात वगैरे. मी त्याच्यापुढे कागद ठेवला. थट्टा थांबली. ग्लास बाजूला सारून त्यानं सांगितलं. तेव्हा तो नवा होता, चोवीस वर्षांचा, रांगेच्या पुढं चालत होता. मोठ्या ओहळापाशी धुकं उतरलं. लोक मागेपुढे झाले. सगळ्यात मागे डाउवे. डाउवे बांधावर चढला तेव्हा त्याच्या हातात दोन काठ्या होत्या. दुसरी, निळ्या धाग्याची, त्यानं सतराव्या खाचेत ठेवली आणि टोपली उतरवली. मेनोनं पाहिलं. रात्री डाउवेला विचारलं तर डाउवे रडला. म्हणाला, ओहळाकाठी काठी नुसती उभी होती, कुणीतरी टाकून गेलं असं वाटलं, पाणी वर येत होतं, मी घाबरलो, उपटली आणि आणली. आन्त्ये विचारायला आली तोवर समुद्र भरला होता.

उभी होती! उभी काठी म्हणजे काय हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती पोरगी तिथं कमरेपर्यंत रुतून वाट बघत होती, धुक्यात, आणि तो आला आणि तिची काठी घेऊन गेला.

मेनो म्हणाला की एकोणीस वर्षं दातखीळ बसलीये माझी, आता तू तरी गप्प बस, त्या म्हातारीला मारू नकोस.

मी आन्त्येबाईंना सांगणार आहे. हे सांगायलाच हवं. पण उद्घाटन तीन दिवसांवर आलंय. आता गावात आग लावली तर पाटी, कॅमेरे, सगळं त्याच आगीत जाईल. सोळा तारखेला सांगते. एकोणीस वर्षं गेली, चार दिवसांनी काय बिघडतं?

लिहिताना खालून वास येतोय. आन्त्येबाई माझ्यासाठी साखरपाव भाजताहेत.

१५ सप्टेंबर, रविवार

किती वाजलेत बघायचं नाहीये मला.

सकाळी सगळं छान होतं. संस्थेची माणसं, कच्चे हेरिंग मासे, वाजंत्री. काठ्यांची फळी रिकामी करून काठ्या कोठारात टाकल्या. मीही दोन शब्द बोलले. म्हणाले, काठी विसरते, माणूस चुकतो, यंत्र खोटं बोलत नाही. टाळ्या पडल्या. आन्त्येबाई शेवटच्या रांगेत होत्या.

मग ३४ जण पायऱ्या उतरले. पुढं मेनो, मागं डाउवे. तीन तासांनी परत. पाटी सरसर उतरत गेली, नऊ, पाच, दोन, एक. थोडं थांबून शून्य. हिरवा दिवा. ठाण्याला निरोप गेला. मी हळूच आतला आकडा पाहिला. तोही शून्य! वजा एक नाही, शून्य. मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. बिघाड आपोआप गेला असं वाटलं. बास्तियानला फोटोसुद्धा पाठवला.

जेवणं झाली. भाषणं झाली. डाउवेच्या जागेवरची कॉफी तशीच होती, वर साय धरलेली. त्याचे कोरडे बूट बाकाखाली.

कुणीतरी त्याला हाका मारल्या. तोवर पाणी बांधाला लागलं होतं.

तेव्हा मी चित्रण पाहिलं. शेवटची चौकट. रिकामी. १६८. डाउवे साडेपाच फुटांचा कुठला, चांगला एकशेनव्वद सेंटीमीटरचा होता.

पोलिसानं मला विचारलं की तो परत आला का. सगळे माझ्याकडे बघत होते, संस्थेची माणसं, मेनो, आन्त्येबाई. मला सांगता आलं असतं. मग टिक दाखवावी लागली असती. पाटीवर रोज वजा एक दिसत असता तर आज शून्य बघून कुणीतरी धावलं असतं. ते मीच झाकलं होतं.

म्हणाले, यंत्राच्या हिशेबानं सगळे परतलेत.

मी खोटं बोलले नाही.

मग लोक म्हणू लागले, आला होता हो तो, आकड्यात आहे की. मनाला लागलं असेल, काठ्या काढल्या म्हणून. गेला असेल कुठंतरी.

मेनो माझ्याकडं बघतच राहिला.

१६ सप्टेंबर, सोमवार

पोलीस लेवार्डनच्या स्टेशनवर डाउवेला शोधताहेत.

मेनो ड्राख्टनला बहिणीकडे गेला. न सांगता. दाराखालून चिठ्ठी सारून गेला, की ओहळाची जागा चिखलवाटेवरच्या तिसऱ्या खुणेच्या डाव्या हाताला, तुला लागेल.

चिखलवाट बंद. कुणी उतरत नाही. तरी सकाळी बांधावर गेले तर रिकाम्या फळीत एक काठी होती. सतरावी. कोठाराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे. काठी मुठीपर्यंत ओली. निळ्या धाग्यातून पाणी ठिबकत होतं.

परत कोठारात ठेवली. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

आज सोळा. आन्त्येबाईंना सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं —

१७ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी झोपले होते. उठून दार उघडलं आणि समोर काठी.

टेकवलेली नाही. उभी. लाकडी जमिनीत उभी रोवलेली, वीतभर आत. भोवती फळ्यांवर चिखल.

ज्याला दिसेल त्यानं जायचं. तो कुणी का असेना.

कंपनीला फोन केला, आजारी आहे, परत येते म्हणून. गाडीत बसले. गाडीत पायापाशी गुडघाभर पाणी होतं. खारं. बाहेर रस्ता कोरडा ठणठणीत.

नाही जाता येणार. कळलं मला.

१८ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं.

आन्त्येबाई पीठ मळत होत्या. मी सगळं सांगितलं, दोन काठ्या, ओहळ, उभी काठी, १६८ची रिकामी चौकट, टिक. त्यांचे हात थांबले नाहीत. मी रडत होते, त्या मळत होत्या. पीठ केव्हाच झालं होतं.

मग विचारलं, तुला हे कधी कळलं. म्हटलं, बाराला. त्या म्हणाल्या, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा. सहा दिवस माझा पाव खाल्लास. पंधराला माझ्यासमोर भाषण केलंस. डाउवेबद्दल विचारलं तेव्हाही गप्प. मी पाहिलं तुझं तोंड, पण मला वाटलं पोर दमलीये.

मी माफी मागितली. हात धुतले. खिडकीतून बांधाकडे पाहिलं.

नंतर शांतपणे म्हणाल्या की उद्या साडेचारला पूर्ण ओहोटी. तिची काठी जिथनं उपटली तिथं परत रोवून ये, तिला तेवढंच हवं असेल. मी बांधावर बसते. मी मोजीन.

माझ्या पाठीवरून हात फिरवला. पिठाचा वास येत होता. किती बरं वाटलं!

१९ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी २:३०. निघते. ती टिक काढून टाकली आहे, आता पाटी खरं तेच दाखवील. फोनवर कॅमेरे दिसतात. ऊन आहे. आन्त्येबाई वरच्या पायरीवर बसल्यात, मांडीवर मोठा टॉवेल. परत आल्यावर पाय पुसायला, म्हणाल्या.

रेषा ओलांडली. पाटीवर १. तो १ म्हणजे मी. बघून धीर आला.

३:५०. तिसरी खूण. डावीकडे ओहळ. चिखल इथं काळा आहे. घोट्यापर्यंत, मग पोटऱ्या. काठी टेकत चालले आहे.

४:१०. रोवली. उभी आहे. म्हटलं, हिस्के, ही घे तुझी काठी. चुकलं माझं. वारा थांबल्यासारखा वाटला. झालं. निघते.

४:१५. डावा पाय निघत नाही. उजवा काढायला गेले तर गुडघ्यापर्यंत गेला. हिसडे मारायचे नाहीत, मेनोनं सांगितलंय. काठी उभी आहे शेजारी. दिसेल. आन्त्येबाई बघताहेत.

४:२५. फोनवर पाटी पाहिली.

०.

हिरवा.

मी इथं आहे. मी इथं — १ आहे, मी १ आहे —

४:२८. कॅमेरा. तिसऱ्या पायरीवर चौकट. रिकामी. थांबली. चढली. वर आन्त्येबाईंचं पांढरं डोकं. उठल्या. टॉवेल उघडला. टॉवेल कशाभोवती तरी गुंडाळला गेला. आत कुणाचे खांदे असावेत तसा. बाई तो छातीशी धरून उभ्या आहेत. डोलताहेत.

४:३५. ठाण्याला फोन. पाटी शून्य आहे म्हणाले. मी ओरडले, मी लीस्बेत, ओहळात आहे. तो माणूस आधी घाबरला. थांबा म्हणाला, आन्त्येबाईंना दुसऱ्या फोनवर विचारतो. परत आला तो चिडून. बाई म्हणतात लीस्बेत केव्हाच परत आली, स्वयंपाकघरात बसून चहा घेतेय. ही कसली थट्टा, डाउवेचा शोध चालू असताना लाज नाही वाटत? ठेवला. परत लावला तर उचलत नाहीत.

४:४०. आन्त्येबाईंना लावला. उचलला. मी म्हटलं बाई, मी मरेन हो. त्या हळू बोलत होत्या, कुणाला झोप लागलीये अशा. म्हणाल्या, की काळजी करू नकोस, तू आलीस. आकड्यात आहेस. एकोणीस वर्षं मला सगळ्यांनी हेच सांगितलं, मी ऐकून घेतलं ना? आता तुझ्या आईला मी हेच सांगेन. आली होती हो, म्हणेन. गेली असेल कुठंतरी.

मागे कप वाजला. तिसरा कप ओतत होत्या कुणाला तरी.

मांड्यांपर्यंत. फोन चिखलात पडला. सापडत नाही.

ओहळ भरायला लागला. पाणी गार आहे. वही डोक्याच्या वर धरते मधून मधून.

काठी उभी आहे. काठी उभी आहे तोवर —

कुणीतरी येतंय! समुद्राकडून. पिवळा डगला. धिप्पाड. हळू चालतोय, रांगेत शेवटचा चालावा तसा. डाउवे! डाउवेच तो, जिवंत आहे, देवा, जिवंत —

हाका मारते आहे. बघत नाही.

डोळ्यांत चिखल. तोंडातून पाणी. खाली बघून चालतोय, वाटेत काय राहिलंय ते गोळा करत. हातात काठ्यांचा भारा —

माझ्यापाशी थांबला. माझ्याकडे नाही बघत. काठीकडे बघतोय.

डाउवे नको. उभी आहे ती. उभी आहे, दिसत नाही का, डाउवे, ती उभी —

त्यानं मुठीला हात घात